काड्या, वालट्यूब आणि भूमिती: घरी मुलांकडून काय बांधून घेता?

खारी_बिस्कीट | ११ ऑगस्ट, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

मी शिकले कॉमर्स, दिवसभर काम जीएसटीचं. त्यामुळे असा धागा काढताना जरा बिचकतेच आहे. पण गेल्या आठवड्यात घरी एक प्रकार झाला. लेक सहावीत आहे, चौरसाचे गुणधर्म तिला घडाघडा येतात. मी चहाच्या कपाखालचा चौकोनी कोस्टर टोकावर उभा धरला आणि विचारलं, हे काय? म्हणाली, "डायमंड." आडवा ठेवला तर "चौरस". परत फिरवला, परत डायमंड! चारही बाजू सारख्या, चारही कोन काटकोन हे पाठ असलेलं पोर असं म्हणतंय म्हटल्यावर मलाच कसंसं झालं.

वाढदिवसाला आलेलं गाडीचं किट तिने एका दुपारी चित्र बघून जोडलं. आता ते माळ्यावर आहे. सोसायटीत रोबोटिक्सचा क्लास निघालाय, त्याचा फुकटचा पहिला तास बघून आले. मुलं सांगितलेल्या भोकात सांगितलेला स्क्रू पिळत होती. फी ऐकून मी आधी पाणी प्यायले.

तर प्रश्न असा: घरच्या घरी, स्वस्तातल्या सामानातून काय बांधायला द्यावं, ज्यातून भूमिती हाताला कळेल? सजावट नको. टिकल्या, चमकी, आइस्क्रीमच्या काड्यांचं पेनस्टँड, सगळं करून झालंय.

सहा_बावन्नची_लोकल | ११ ऑगस्ट, रात्री १०:४०

वाचनखूण साठवली. आमच्याकडेही किट माळ्यावरच आहे. दोन आहेत.

ओळंबा | ११ ऑगस्ट, रात्री ११:५५

खारीताई, मी स्थापत्यवाला, साइटवरचा माणूस. शिकवण्याचं शास्त्र मला येत नाही, पण माझ्या दोन्ही पोरांवर जे चाललं ते सांगतो.

एक काडेपेटी आणि सायकलच्या दुकानातून दोन मीटर व्हॉल्व्ह ट्यूब आणा. दुकानात ‘वालट्यूब’ म्हणा, म्हणजे कळेल. जुन्या व्हॉल्व्हवर चढवायची ती बारीक रबरी नळी. काड्यांचं गुल मोठ्या माणसाने खरवडून टाकायचं. नळीचे दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे करायचे. तुकड्याच्या दोन्ही तोंडांत एकेक काडी खुपसली की दोन काड्यांचा सांधा झाला. तिसरी काडी हवी असेल तर नळीला मधोमध दाभणाने किंवा बाभळीच्या काट्याने भोक पाडून त्यात घुसवायची. काडी जाड, नळीचं भोक बारीक, त्यामुळे रबर काडीला घट्ट धरतं. सांधा वाकतो पण सुटत नाही, आणि आपल्याला तेच हवंय.

ही युक्ती अरविंद गुप्तांची. आयआयटी कानपूरचा इंजिनिअर, पुण्याला ट्रक बनवणाऱ्या टेल्को कंपनीत नोकरी. १९७८ मध्ये रजा घेऊन मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान कार्यक्रमात गेले आणि खेड्यातल्या शाळांसाठी असल्या वस्तू शोधत बसले. पुढे पुण्याला आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत, मुलांसाठीच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत बरीच वर्षं होते. २०१८ ला पद्मश्री मिळाली.

पहिल्या दिवशी फक्त एवढंच सांगा: तीन काड्यांचा, चार काड्यांचा आणि पाच काड्यांचा आकार कर आणि कोपऱ्याला धरून ढकल. पुढचं काही बोलू नका. अगदी जिभेवर आलं तरी गिळा.

खवट_काका | १२ ऑगस्ट, सकाळी ७:२०

दर पाच वर्षांनी कुणीतरी ‘हसत-खेळत शिक्षण’ नव्याने शोधून काढतं. मी बावीस वर्षं दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेतोय. बोर्डाच्या गणित भाग २ च्या पेपरात काड्या-नळ्या येत नाहीत, सिद्धता येते. पक्ष, साध्य, सिद्धता. काड्या जोडून हात रबरी होतील, डोकं नाही. असो, चालू द्या.

चौथी_ब | १२ ऑगस्ट, रात्री ९:०५

काका, प्रणाम. मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेवर आहे. आमच्याकडे वालट्यूबही तालुक्याला जाऊन आणावी लागते, म्हणून मी ज्वारीची धाटं वापरते. सुगीनंतर फुकट मिळतात. धाटाची साल सोलली की तिच्या ताठ काड्या निघतात आणि आत पांढरं भेंड उरतं. भेंडाचे तुकडे म्हणजे सांधे, सालीच्या पट्ट्या म्हणजे काड्या. गावाकडच्या वाचकांना आठवत असेल, आपण याचीच बैलगाडी करायचो. जू, साटी, चाकं, सगळं. फक्त सालीची धार हाताला लागते. एकदा चांगलंच रक्त आलं होतं, तेव्हापासून सोलायचं काम मी करते.

वर्गात एक मुलगा आहे, वाचनात अडखळतो, फळ्यासमोर उभं केलं की मान खाली. बैलगाडीच्या दिवशी सगळा वर्ग त्याच्याभोवती. चाक गोल राहावं म्हणून भेंडाच्या बरोबर मधे काटा टोचायला हवा, तर मध्य कसा काढायचा? त्याने सालीची पट्टी भेंडावर फिरवून सगळ्यात लांब जागा शोधली, तिथे नखाने खूण केली, भेंड वळवून पुन्हा तेच. जिथे दोन खुणा एकमेकींना कापतात तिथे काटा. व्यास हा शब्द त्याला माहीत नव्हता. शब्द मी नंतर दिला.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्यांत हेच केलं ना? परदेशी महागडी साधनं बाजूला ठेवून शिंपले, बिया, खडे घेतले.

दूरदेशी_मैना | १३ ऑगस्ट, पहाटे २:३०

भेंडाचं वाचून मजा वाटली. मी जर्मनीत राहते. इथे थुरिंगेनमध्ये बाड ब्लांकेनबुर्ग म्हणून छोटं गाव आहे, तिथे फ्रोबेलने १८३७ मध्ये लहान मुलांसाठी शाळा काढली, तीच पुढे किंडरगार्टन झाली. त्याच्या साधनांत एक प्रकार होता: भिजवलेले वाटाणे आणि बारीक काड्या. वाटाणा ओला असताना काडी सहज जाते आणि वाळला की घट्ट धरतो. बकमिन्स्टर फुलर लहानपणी बालवाडीत असाच वाटाणे आणि दात कोरायच्या काड्या घेऊन बसला होता. डोळे अधू, नीट दिसत नव्हतं, म्हणून हाताला जे ताठ लागलं तसं बांधत गेला आणि त्याचे सगळे त्रिकोणच झाले, असं तो स्वतः सांगायचा. मोठेपणी त्याचं नाव झालं ते त्रिकोणांच्या घुमटांमुळे.

मी छोले भिजवून केलं. माझ्या मुलाने अर्धी इमारत खाल्ली.

खारी_बिस्कीट | १८ ऑगस्ट, रात्री ९:३०

पहिला रविवार झाला. हा अहवाल.

सायकलच्या दुकानातले काका म्हणाले, वालट्यूब आता कोणी मागत नाही, आणि कुठूनतरी मागच्या फळीवरून धुळीचं बंडल काढलं. काडेपेटी मी घाईत मेणकाड्यांची आणली. त्या नळीत घालताना वाकल्या आणि बोटं चिकट झाली. लाकडाच्याच काड्या आणा, माझ्यासारखं करू नका.

लेक, तिची मैत्रीण आणि खालच्या मजल्यावरचा चौथीतला गण्या. त्रिकोण केला. ढकलला. हलेना. चौकोन ढकलला, तो एका बाजूला कलंडून पार चपटा झाला. गण्या म्हणाला, "हा झोपला." लेकीने तो उभा केला, परत झोपवला, मधेच थांबवला आणि मला हाक मारली. "आई, बाजू तेवढ्याच आहेत. मग हा चौरस कधी नाहीये?" मी ओळंबांचं ऐकून जीभ गिळली. तिचं तीच म्हणाली की कोन बदलतायत. मग तो चौरस तिने टोकावर उभा धरला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आणि हा डायमंड नाहीये. हा चौरसच आहे, मी फक्त फिरवलाय." कोस्टरचा विषय मी काढलाही नव्हता!

मग सहा काड्यांत चार सारखे त्रिकोण करायचं कोडं घातलं (हे मला शाळेपासून माहीत होतं). वीस मिनिटं तिघंही टेबलावर काड्या सरकवत होते. मैत्रीण रडकुंडीला आली. शेवटी गण्याने कंटाळून एका त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांत तीन काड्या उभ्या खुपसल्या, "तंबू करतो" म्हणून. तंबूची टोकं जुळली आणि तिघंही गप्प. टेबलावरून काडी उचलायची असते हे कुणी सांगितलंच नव्हतं.

ओळंबा | १९ ऑगस्ट, रात्री १२:१०

वा! गण्याला माझ्याकडून शाबासकी द्या. त्याने चतुष्फलक केला, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंची वस्तू.

आता पुढचं. झोपणाऱ्या चौकोनाला उभं करायला किमान किती जादा काड्या लागतात? पंचकोनाला? षटकोनाला? कागदावर दोन रकाने करू द्या. चौकोनाला १, पंचकोनाला २, षटकोनाला ३ येईल. ही आडवी काडी म्हणजेच कर्ण. लेकीला विचारा, पंचकोनात दोन कर्ण टाकल्यावर आत त्रिकोण किती झाले? तीन. तीन गुणिले १८०, म्हणजे ५४०. पंचकोनाच्या कोनांची बेरीज आली की नाही? खवट काकांच्या पेपरात हे येतं.

कौलारू घराच्या कैचीत, रेल्वेच्या लोखंडी पुलात, मोबाइलच्या टॉवरवर सगळीकडे हे त्रिकोण दिसतील. पुण्याजवळ पाबळला विज्ञान आश्रम आहे, डॉ. कलबागांनी १९८३ ला सुरू केलेला. कॉलेजात असताना तिथे गेलो होतो. लोखंडी अँगलच्या त्रिकोणांचे घुमट पाहिले, मधे एकही खांब नाही. आठवी-नववीची खेड्यातली मुलं तिथे वेल्डिंगपासून शेतीपर्यंत सगळं हाताने करतात.

मोठ्या मुलांसाठी सूत्रही आहे. ज्याचं वीजचुंबकत्वात नाव घेतो त्या मॅक्सवेलनेच १८६४ मध्ये मांडलं. सपाट आकृतीत सांधे मोजा, दुप्पट करा, तीन वजा करा, तेवढ्या काड्या लागतात. चौकोन: ४ सांधे, आठ वजा तीन, पाच. आहेत चार, एक कमी. उभ्या-आडव्या-खोल अशा वस्तूत सांध्यांची तिप्पट वजा सहा. गण्याचा तंबू: ४ सांधे, बारा वजा सहा, सहा काड्या. बरोबर बसला. घनाला ८ सांधे, म्हणजे अठरा हव्यात. आहेत बारा.

खवट_काका | १९ ऑगस्ट, सकाळी ६:५०

सूत्र बसलं म्हणजे डळमळ थांबेलच, याची हमी आहे का? की अठरा काड्या कुठेही खुपसल्या तरी चालतं? गणिताच्या नावाने अर्धवट विधानं करू नका.

ओळंबा | १९ ऑगस्ट, सकाळी ९:१५

नाही, हमी नाही. काका, प्रश्न नेमका विचारलात. काड्या त्याहून कमी असतील तर डळमळणारच. पुरेशा आहेत म्हणून थांबेलच असं नाही. घनाच्या सहा बाजू, प्रत्येक बाजूला एक कर्ण टाकला तर घट्ट. पण एका बाजूला दोन्ही कर्णांची फुली मारली आणि दुसरी बाजू मोकळी सोडली, तर मोजणी अठराच येते आणि घन त्या मोकळ्या बाजूने हलतो. माझ्या धाकट्याने नेमकं हेच केलं होतं आणि "बाबा, सूत्र चुकलं" म्हणून नाचला होता.

खवट_काका | १९ ऑगस्ट, सकाळी ९:४०

धाकटा हुशार दिसतोय. पण माझा मुद्दा कायम. कोनमापकाने मोजून मुलं त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १७८ लिहितात, कधी १८३. मग ‘साधारण १८०’ म्हणतात. भूमितीत साधारण काही नसतं.

चौथी_ब | १९ ऑगस्ट, रात्री ८:३०

काका, हे मात्र खरं. माझ्याकडेही १७८ येतं. मी कागदी त्रिकोणाचे तीन कोपरे फाडून एका रेषेवर शेजारी शेजारी ठेवायला लावते. सरळ रेष होते. एकाच्याही कोपऱ्यांतून फट राहत नाही, तेव्हा ‘साधारण’ आपोआप जातं आणि ‘असं का होतं’ सुरू होतं. तिथून पुढची समांतर रेषेची सिद्धता तुमच्याकडे. चौथीत मी तिथवर नेऊ शकत नाही आणि नेऊही नये.

तीन_चार_पाच | २२ ऑगस्ट, दुपारी ४:००

धागा आवडला. वय ७४, त्यामुळे मेकॅनोवाल्या पिढीचा. मेकॅनो म्हणजे भोकांच्या लोखंडी पट्ट्या जोडायचा खेळ. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीने १९०१ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. मला १९६० च्या सुमारास मामांनी आणून दिला, हिरव्या-लाल पट्ट्या आणि पितळी नटबोल्ट.

त्यातला एक प्रसंग सांगतो. वडील म्हणाले, काटकोन करून दाखव. तीन-चार-पाचचा त्रिकोण ऐकून होतो. तीन भोकांची, चार भोकांची आणि पाच भोकांची पट्टी घेतली आणि जोडली. कोन चांगलाच फाकला. दोन दिवस डोकं खाजवलं. तिसऱ्या दिवशी कळलं की भोकं मोजायची नसतात, भोकांमधली अंतरं मोजायची. तीन भोकांत दोनच अंतरं. मी केलेला त्रिकोण दोन-तीन-चारचा होता! चार, पाच आणि सहा भोकांच्या पट्ट्या घेतल्या आणि कोपरा वडिलांच्या गुण्याला (काटकोन तपासायचं साधन) चिकटून बसला. कुंपणाचे खांब आणि त्यांच्यामधली अंतरं यात आयुष्यात पुन्हा कधी घोटाळा झाला नाही.

ओळंबा | २२ ऑगस्ट, संध्याकाळी ७:१५

काका, सलाम. आमचे गवंडी पाया आखताना आजही हेच करतात. एका दोरीवर तीन फूट, दुसरीवर चार फूट, तिरपे पाच आले की कोपरा गुण्यात. शाळा न पाहिलेला मिस्त्री हे मला शिकवून गेला.

वेदमूर्ती | २२ ऑगस्ट, रात्री १०:००

हे सगळं शुल्बसूत्रांत, म्हणजे यज्ञवेदी आखायच्या आपल्या जुन्या ग्रंथांत, आहेच. बौधायनाने दोरीने आयताच्या कर्णाचा नियम सांगितला, पायथागोरसच्या आधी. आपल्या मुलांना ग्रीकांचं नाव का शिकवतात?

खवट_काका | २२ ऑगस्ट, रात्री १०:२०

नियम आहे आणि सुंदर आहे. शुल्ब म्हणजेच दोरी. पण या धाग्यावर मुलं काड्या जोडतायत, त्यांना दोरी द्या. नावाची लढाई दुसऱ्या धाग्यावर.

सहा_बावन्नची_लोकल | २३ ऑगस्ट, सकाळी ७:०५ (गाडीतून)

काका, पहिल्यांदाच तुम्हाला +१.

अवांतर: मुलाच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे. केंद्राची योजना, २०१६ पासूनची, शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान. पालकसभेला थ्रीडी प्रिंटर दाखवला, काचेच्या कपाटात, कुलूप लावून. किल्ली कुणाकडे, विचारलं तर सर म्हणाले, "मोडला तर जबाबदारी कुणाची?" सरांचंही चुकत नाही म्हणा, नोंदवहीत त्यांचं नाव आहे. पण मोडायची भीती असलेल्या वस्तूने मूल काय शिकणार? त्यापेक्षा काडेपेटीतल्या काड्या बऱ्या.

खारी_बिस्कीट | २२ सप्टेंबर, रात्री ११:००

महिनाभर गायब होते, रिटर्न भरायचे दिवस. पण रविवार चुकवले नाहीत.

या महिन्यात पूल केला. वर्तमानपत्राचं अर्धं पान खराट्याच्या हिरावर घट्ट गुंडाळायचं, शेवट चिकटवायचा, हीर ओढून काढायचा. झाली नळी. दोन खुर्च्यांमधे ६० सेंटिमीटर अंतर, त्यावर नळ्यांचा पूल, मधे बादली, आणि लिटरच्या मापाने एकेक माप पाणी.

पहिला पूल दोन लिटरला बसला. मुलांना वाटलं नळी मोडली. नळ्या सगळ्या शाबूत होत्या! दोरा जिथे आवळला होता तिथे नळी चपटी होऊन सांधा घसरला होता. दुसऱ्या खेपेला सांध्याच्या जागी नळीत हिराचे तुकडे कोंबले. पाच लिटर. आणि मग एक वरची नळी धनुष्यासारखी वाकली.

इथे माझा गुन्हा कबूल करते. रात्री सगळे झोपल्यावर मला राहवलं नाही. ती वाकलेली नळी काढून मी तिथे दोन नळ्या एकत्र चिकटवल्या, ग्लू गनने, छान नीटनेटक्या. सकाळी लेकीने पूल पाहिला, हात लावला, काही बोलली नाही. शाळेतून आल्यावर म्हणाली, "मला ती का वाकली बघायचं होतं. आता कसं कळणार?" आणि पूल माझ्या टेबलावर ठेवून गेली. "हा तुझा आहे." आठवडाभर तो तिथेच होता, माझ्या बिलांच्या फायलींवर.

ओळंबा, आता सांगा, ती का वाकली?

ओळंबा | २३ सप्टेंबर, सकाळी ८:००

ताई, हा गुन्हा मी दोनदा केलाय.

पुलाच्या वरच्या नळ्या दाबल्या जातात, खालच्या ताणल्या जातात. ताणात काडी तुटेपर्यंत सरळ राहते. दाबात मात्र लांब काडी तुटायच्या कितीतरी आधी बाजूला वाकते. मी सांगण्यापेक्षा स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. २० सेंटिमीटरचा हीर काट्यावर उभा धरा आणि वरून बोटाने हळूहळू दाबा. तो वाकायला लागला की आकडा बघा. मग त्याचाच अर्धा तुकडा करून पुन्हा. दोन आकडे लिहून ठेवा, मग इकडे या.

खारी_बिस्कीट | २९ सप्टेंबर, रात्री ९:१०

लांब हिराने २०० ग्रॅमच्या आसपास मान टाकली. अर्ध्या तुकड्याने ७७० पर्यंत तग धरला. लेकीचा अंदाज होता दुप्पट, ४००. तिने काटा खराब आहे असं ठरवून साखरेच्या पुड्याने तपासला. काटा बरोबर होता. मग आणखी तीन हीर मोडले. दर वेळी चौपटीच्या जवळपास.

गण्या म्हणाला, "मग वरच्या नळीला मधे एक टेकू दिला की ती दोन छोट्या नळ्या होईल." नवीन पूल, मधे तिरपे टेकू, नळी तीच. साडेनऊ लिटर. मग खुर्ची उलटली आणि दिवाणखान्यात पूर आला. पूल अजून शाबूत आहे.

ओळंबा | २९ सप्टेंबर, रात्री १०:०२

लांबी निम्मी तर ताकद चौपट. ऑयलरने अठराव्या शतकात हे गणिताने काढलं. गण्याने ते न शिकता वापरलं. मला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात हे फळ्यावर भेटलं होतं, आणि हीर मी आजवर कधी मोडला नव्हता. काल रात्री मोडला. माझा आकडा ३.७ पट आला.

तीन_चार_पाच | १२ ऑक्टोबर, सकाळी १०:३०

दिवाळी आली. मुलांकडून कामट्यांचा आकाशकंदील करून घ्या. बाजारचा प्लास्टिकचा नको. सहा चौरस करायचे आणि कोपऱ्याला कोपरा बांधायचा. एक चौरस वर, एक खाली, चार मधे टोकावर उभे. त्यांच्यामधे आठ त्रिकोण आपोआप तयार होतात. पतंगाचा कागद, मैद्याची खळ. आमच्याकडे खळीत चिमूटभर मोरचूद घालत, कसर लागू नये म्हणून, पण ते विषारी. मुलं असतील तर घालू नका.

खारी_बिस्कीट | २७ ऑक्टोबर, रात्री ११:२०

आजोबा, केला. आणि रडारड झाली, म्हणून सविस्तर लिहिते.

२० सेंटिमीटरच्या २४ कामट्या. सहा चौरस बांधले, कोपरे जोडले, १२ सांधे. हातात असताना कंदील सुरेख. जमिनीवर ठेवून हात काढला, तर तो स्वतःभोवती पीळ घेत खाली बसला. वरचा चौरस एकीकडे फिरला, खालचा दुसरीकडे, आणि सगळा कंदील मिटला. उचलला की उघडतो, सोडला की मिटतो. मैत्रिणीला वाटलं आपण चुकीचा बांधला.

लेक मात्र जमिनीवर बसून उघड-मीट करत राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "त्रिकोण एकही बदलत नाहीये. फक्त चौरस झोपतायत." मग वही. बारा सांधे, छत्तीस वजा सहा, तीस. आहेत चोवीस. सहा कमी. "आई, चौरस पण सहाच आहेत!" इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या काकू आल्या.

तिला प्रत्येक चौरसात कर्णाची कामटी टाकायची होती. पण मग कंदिलात आडव्या सावल्या पडल्या असत्या. गण्या म्हणाला, दोरा बांधू. एका कर्णावर दोरा बांधला तर चौरस त्या बाजूने झोपायचा थांबला, दुसऱ्या बाजूने झोपलाच. दोरा ओढ धरतो, दाब नाही. म्हणून दोन्ही कर्णांवर, फुली.

ओळंबा | २८ ऑक्टोबर, सकाळी ७:४५

ताई, तुम्ही फुलरचा कंदील केलात! याच आकाराच्या याच मिटण्याला त्याने ‘जिटरबग’ नाव दिलं होतं, त्या काळच्या एका नाचावरून.

आता दोऱ्याचीही गरज नाही. कागद लावा. चारही कामट्यांना कडेने चिकटवलेला कागद दोन्ही कर्णांच्या दिशेने ओढ धरतो, म्हणजे तुमच्या फुलीचंच काम करतो. खळ वाळली की हात लावून बघा, कंदील ताठ झालेला असेल. इतकी वर्षं आपण कागदाला नुसती शोभा समजत होतो.

एकच सांभाळा. कागद लावायच्या आधी प्रत्येक चौरस गुण्यात आहे का बघा. दोन्ही कर्ण मोजायचे, सारखे आले पाहिजेत, २० च्या बाजूला २८.३ सेंटिमीटर. वाकड्या चौरसावर कागद लावला तर तो तसाच वाकडा वाळेल.

खवट_काका | २८ ऑक्टोबर, सकाळी ८:३०

२८.३ का, हे तिला विचारा. सांगू नका.

खारी_बिस्कीट | १ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:५०

शुभ दीपावली सर्वांना!

कंदील लागला. पाच चौरस गुण्यात, सहावा घाईत लावला, त्यामुळे पूर्वेकडे किंचित मान वळवून बघितल्यासारखा दिसतो. नवरा म्हणाला, तो एक कागद बदलू. लेकीने त्याला माझ्या पुलाकडे बोट दाखवलं.

काका, २८.३ चं उत्तर अजून आलेलं नाही. तिने फरशीवर २० चे चार चौरस मांडले, त्यांच्या कर्णांचा मिळून एक तिरका मोठा चौरस दिसतो, आणि तो दोन चौरसांएवढा आहे इथवर पोचली. म्हणजे क्षेत्रफळ ८००. मग कॅल्क्युलेटर मागितला. दिला नाही. २८ गुणिले २८, २९ गुणिले २९ असं चाललंय.

चौथी_ब | १ नोव्हेंबर, रात्री ९:००

तुम्हालाही शुभ दीपावली. कॅल्क्युलेटर दिला नाहीत, छान केलंत.

दारात रांगोळी असेल तर एक गंमत: १५ ते ८ ठिपके काढा, मधल्या ओळीत १५ आणि दोन्हीकडे एकेक कमी करत ८ पर्यंत. एकूण किती होतात ते आधी न मोजता सांगायचं.

खारी_बिस्कीट | १ नोव्हेंबर, रात्री १०:१५

१६९. गण्याने एकेक मोजून, लेकीने जोड्या लावून. आणि ती आत्ता दारात बसून म्हणतेय की १६९ म्हणजे तेरा तेरा, मग हा षटकोन मोडून त्याचा पूर्ण चौरस झाला पाहिजे. शिवणाच्या डब्यातली बटणं, चणे, गोट्या सगळं बाहेर आलंय. फराळाचं ताट तसंच पडलंय. काकूंना आत यायला जागा नाही.